अमेरिकेतील मशीनगनची खासगी मालकी व हस्तांतरण : कायद्याचे स्वरूप
अमेरिकेत नागरिकांना मशीनगन बाळगण्यास सरसकट बंदी आहे, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ने अशा शस्त्रांची नोंदणी सक्तीची करून हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसविला. त्या काळी जबर असलेली ही रक्कम आजही तीच असल्याने कराचा धाक चलनवाढीबरोबर ओसरला. खरा निर्बंध १९८६ च्या कायद्याने आला. १९ मे १९८६ पूर्वी कायदेशीररीत्या ताब्यात असलेल्या मशीनगनच नागरिकांकडे हस्तांतरित होऊ शकतात. त्यासाठीही बोटांचे ठसे, छायाचित्र व संघीय शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. शिवाय संबंधित राज्याचा कायदा प्रतिकूल नसावा लागतो. परिणामी पुरवठा गोठला आणि किमती हजारो डॉलरांवर गेल्या. करातून अभिप्रेत असलेले नियंत्रण अशा रीतीने आता दुर्मिळतेतून साधले जाते.