पथचित्रांचे प्रमाणीकरण

रस्त्यांवरील भिंतींवर अनामिक कलावंतांनी काढलेली चित्रे अस्सल आहेत की नाहीत, हे ठरविण्याची पद्धती. कातरलेला साचा व फवाऱ्याचा रंग यांनी काढलेल्या चित्रांची नक्कल सुलभ असते आणि कलावंत अज्ञात राहू इच्छीत असल्याने त्याची उघड साक्ष मिळत नाही. त्यामुळे या बाबतीत वाद उद्‌भवतात.

बँक्सी या ब्रिटिश पथचित्रकाराच्या कलाकृतींना प्रमाणपत्रे देण्यासाठी २००८ मध्ये ‘पेस्ट कंट्रोल’ ही संस्था स्थापन झाली. प्रमाणपत्रास युवराज्ञी डायानाचे चित्र असलेल्या दहा पौंडांच्या बनावट नोटेचा फाडलेला अर्धा भाग जोडतात. दुसरा अर्धा संस्थेकडे राहतो. दोन्ही जुळल्यास प्रमाणपत्र खरे ठरते. तथापि भिंतीवरून उतरविलेल्या चित्रांना ही संस्था प्रमाणपत्र देत नाही. ती मूळ जागीच राहावीत, अशी तिची भूमिका आहे. अशी चित्रे प्रमाणित करण्यास ‘व्हर्मिन’ ही प्रतिस्पर्धी संस्था पुढे आली. परंतु तिने ग्राह्य मानलेली बँक्सीची चित्रे २००८ च्या लंडनमधील लिलावात विकली गेली नाहीत. म्हणजे चित्र त्याच्याच हातचे असले, तरी त्याच्या मान्यतेवाचून बाजारात त्यास पत लाभत नाही.

अनामिकतेची किंमत कलावंतासही मोजावी लागते. बँक्सीच्या पुष्पगुच्छ फेकणाऱ्या तरुणाच्या चित्राची व्यापारचिन्ह म्हणून झालेली नोंदणी यूरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०२० मध्ये रद्द केली. ओळख प्रकट केल्याविना प्रतिलिप्यधिकार सिद्ध करणे त्यास कठीण आहे, असेही त्या निर्णयात नमूद झाले.