शेजाऱ्याच्या झाडांची सावली व आपलें पीक

बांधावरील झाड हें शेताचें भूषण होय, हें आम्हांस मान्य आहे. उन्हाळ्यांत बैलांस सावली, औतास लांकूड व शेरडांस पाला, इतकें सर्व तें देतें. परंतु झाड एकाच्या बांधावर आणि त्याची सावली दुसऱ्याच्या पिकावर, असें झालें म्हणजे सख्ख्या भाऊबंदांतही वितुष्ट येतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बांधाच्या तक्रारींचे जे अर्ज आमच्या हातांखालून गेले, त्यांत झाडांच्या तक्रारी थोड्या नव्हत्या. आणि सेवानिवृत्तीनंतर तोच प्रसंग आम्हांवरही आला. यास्तव या बाबतींत सूर्य काय करतो, कायदा काय म्हणतो व शेजारधर्म काय सांगतो, हें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम सावलीचें गणित पाहूं. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावली उत्तरेकडे पडते. पुण्याच्या आसपासच्या प्रदेशांत २२ डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीं झाडाची सावली त्याच्या उंचीच्या सुमारें नऊ-दशांश असते. म्हणजे ४० फूट उंच झाडाची सावली ३६ फूट पडते. मध्यान्हाच्या तीन तास आधीं व तीन तास नंतर तीच पावणेदोन पटींवर जाते. उलट जून महिन्यांत मध्यान्हीं सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्यानें सावली झाडाखालींच राहते. यावरून ध्यानांत येईल कीं, दक्षिण बांधावरील झाडाच्या सावलीचा खरा जाच रब्बीच्या ज्वारीस, गव्हास व हरभऱ्यास होतो. पूर्व व पश्चिम बांधांवरील झाडें अर्धा दिवस ऊन अडवितात. उत्तर बांधावरील झाडाची हिवाळी सावली बहुतेक पलीकडेच पडते. दक्षिण बांधावर २०० फूट लांबीची तशी दाट रांग असेल, तर त्या दिवसांत मध्यान्हीं ७,२०० चौरस फूट, म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून अधिक जमीन सावलीखालीं जाते.

तथापि सर्व दोष सावलीवर लादूं नये. पुष्कळ झाडांच्या आडव्या मुळ्या बांध ओलांडून जमिनींतील ओल ओढून घेतात. बांधाच्या दोन्ही अंगांस पीक सारखेंच खुरटलें असेल, तर दोष मुख्यत्वें मुळ्यांचा समजावा; उत्तरेच्या अंगासच खुरटलेला पट्टा रुंद असेल, तर तो सावलीचा. मुळ्यांचा उपाय आपल्या हातीं आहे. आपल्या हद्दींत, बांध न ढासळेल इतकें अंतर राखून, दोन हात खोल चर खणावा.

आतां कायद्याकडे वळूं. सन १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टाच्या कलम १५ अन्वयें, घरास येणारा उजेड व वारा २० वर्षें निर्वेधपणें उपभोगिला असतां त्याचा हक्क प्राप्त होऊं शकतो. परंतु कलम १७ मध्यें स्पष्ट म्हटलें आहे कीं, उघड्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा व वाऱ्याचा हक्क वहिवाटीनें मिळत नाहीं. अर्थात् "आमच्या शेतावर आजोबांपासून ऊन येत आहे," हें म्हणणें कोर्टांत टिकावयाचें नाहीं. हद्दीवरून आंत आलेल्या फांद्यांची गोष्ट मात्र निराळी. त्या आपल्या जमिनींत उभें राहून, हद्दीपुरत्याच छाटण्यास हरकत नसते, हें तत्त्व न्यायालयें सामान्यतः मानीत आलीं आहेत; पण छाटलेलें लांकूड व फळ झाडाच्या धन्याचेंच. धनी ऐकत नसल्यास दिवाणी न्यायालयांत मनाईहुकूम मागतां येतो. मामलेदार कोर्टाच्या सन १९०६ च्या कायद्याखालीं पाण्याच्या ओघास व वहिवाटीच्या रस्त्यास झालेला अडथळा दूर करितां येतो. सावलीची तक्रार तेथें नेणें म्हणजे हेलपाटे घालणें होय. शिवाय आंबा, फणस, चिंच, मोह, साग, जांभूळ इत्यादि झाडांस महाराष्ट्राचा सन १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागू आहे. परवानगीवांचून त्यांस हात लावूं नये. झाड नक्की कोणाचें याविषयीं वाद असेल, तर आधीं भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

हें सर्व ठाऊक असतांही आम्हीं स्वतः चूक केली, ती सांगतों. आमच्या रब्बीच्या वावराच्या दक्षिण बांधावर शेजाऱ्यांच्या बाभळींची रांग व एक चिंच आहे. आम्हीं रागाच्या भरांत एक शब्दही न बोलतां प्रथम वकिलाकरवीं नोटीस धाडिली. परिणाम असा झाला कीं, दोन वर्षें त्यांच्या घरचें हळदीकुंकू आमच्या घरीं आलें नाहीं, आणि ज्वारीचें कणीसही भरलें नाहीं. तिसऱ्या वर्षीं आम्ही शहाणे झालों. मार्गशीर्षांत मध्यान्हीं सावलीच्या कडेनें खुंट्या रोविल्या. फाल्गुनांत खुंट्यांच्या आंतील एक गुंठा व बाहेरील एक गुंठा यांची ज्वारी वेगवेगळी मळून दोन राशी केल्या. मग शेजाऱ्यांकडे जाऊन म्हटलें, "तात्या, झाडें तुमचीं, बांध तुमचा, एवढ्या दोन राशी पाहून जा." ते आले. आंतली रास बाहेरच्या राशीच्या निम्मीही नव्हती. बराच वेळ उभे राहून ते इतकेंच म्हणाले, "अण्णा, हें नोटिशींत लिहिलें नव्हतें."

पुढें दसऱ्यापूर्वीं त्यांनीं बाभळींच्या आमच्याकडील व खालच्या फांद्या छाटविल्या. मजुरी आम्हीं दिली. सरपण व पाला त्यांनीं नेला. चिंचेस कोणीं हात लाविला नाहीं. तिच्या सावलीच्या पट्ट्यांत आम्ही गवत राखितों. पाण्याची सोय असेल तेथें अशा विरळ सावलींत हळद, आलें किंवा अळू लावितां येतें.

तात्पर्य, प्रथम सावली मोजावी, मग नुकसान दाखवावें, छाटणीची मजुरी आपण देऊं करावी, आणि ठरलेली गोष्ट दोन ओळींत लिहून पंचांच्या सह्या घ्याव्या. कोर्टाची पायरी अगदीं शेवटची. निकाल आपल्यासारखा लागला तरी दुसऱ्या दिवशीं औत त्याच बांधाशीं वळवावयाचें असतें, हें आमच्या कृषिबंधूंनीं विसरूं नये.