बाणाचं वजन आणि साइटचा मिलिमीटर

सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवर तिरकमठा अजून घरात दिसतो. त्याला साइट नसते, आणि जवळच्या नेमाला ती लागतही नाही. पण तिथलाच एखादा मुलगा रिकर्व्ह धनुष्य घेऊन मैदानात उतरला, की ऑलिंपिकचं सत्तर मीटरचं अंतर समोर येतं आणि हिशेब सुरू होतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. तेव्हापासून पालक मला हमखास विचारतात, ‘सर, सगळ्यात हलका बाण कोणता?’

हिशेब साधा आहे. रिकर्व्हमधून सुटलेला वीस ग्रॅमचा बाण सेकंदाला साठेक मीटर वेगानं जातो. सत्तर मीटरला त्याला साधारण सव्वा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला सातेक मीटर, म्हणजे दोन मजले, खाली ओढतं. म्हणून तो वरच्या दिशेनं सोडायचा. आता बाण दोन ग्रॅमनं जड केला आणि नेम तोच ठेवला, तर तो अर्धा मीटर खाली पडेल. दहा गुणांचं वर्तुळ आहे अवघं १२.२ सेंटिमीटरचं!

बाण ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. एवढ्याशा फरकानंही बाण दीडेक सेंटिमीटर वरखाली होतो. म्हणून संचातला प्रत्येक बाण तोलून घ्यावा. सराफाचा काटा त्याला पुरतो.

मग हलकाच बाण बरा, असं वाटेल. पण प्लॅस्टिकचा आणि लेदरचा चेंडू सीमारेषेवरून फेकून पाहा. हलका चेंडू जोरात निघतो आणि वाटेतच दम सोडतो. नाशिकला उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की बाणाचंही तेच. वाऱ्यात बारीक पण वजनदार कांडी कमी ढळते. शिवाय फारच हलका बाण लावणं म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडणं. उरलेला हिसका धनुष्यच सोसतं. ओढीच्या दर पौंडाला किमान पाच ग्रेन, हा कंपाउंडवाल्यांचा ढोबळ नियम त्यासाठीच आहे.

वजनाच्याही आधी ताठपणा बघावा. अठ्ठावीस इंचांवर दोन टेकू देऊन कांडीच्या मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगतात. ती जितकी वाकते, तितके इंचाचे हजारांश म्हणजे तिचा नंबर. सहाशे नंबरची कांडी पाचशेपेक्षा लवचीक. टोक जड केलं की कांडी आणखी लवचीक वागते, म्हणजे वजन बदललं की हेही बदललं. आणि कापलेली कांडी परत वाढत नाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी ती एक-दोन इंच लांबच ठेवावी.

साइटचा नियम उलटा वाटतो. बाण खाली पडला तर साइट खाली न्यायची, डावीकडे गेला तर डावीकडे. ती डोळ्यापासून साधारण नव्वद सेंटिमीटरवर असते, त्यामुळे एक मिलिमीटर हलली की सत्तर मीटरवर बाण आठेक सेंटिमीटर सरकतो. मघाचे दोन ग्रॅम म्हणजे साइटवर सहा-साडेसहा मिलिमीटर. एका बाणावरून मात्र साइट हलवू नये. सहा बाणांच्या घोळक्याचा मध्य बघावा. कंपाउंडच्या साइटला भिंग आणि पाणसळ चालते, रिकर्व्हला भिंग चालत नाही.

खरी अडचण येते ती तीस पौंडांचं धनुष्य ओढणाऱ्या मुलाची. सत्तर मीटरला त्याची साइट इतकी खाली जाते की बाणाची पिसं तिला घासतात. अशा वेळी साइटची दांडी आत घ्यावी. साइट डोळ्याजवळ आली की कमी मिलिमीटर लागतात. या मुलाला हलकाच बाण द्यावा, वाऱ्याचं नंतर बघू. अंतर गाठण्यासाठी त्याची ओढ घाईनं वाढवणं मला मुळीच पसंत नाही. खांदा एकदाच मिळतो, आणि अठरा वर्षांखालच्या रिकर्व्हचं अंतर साठच मीटर आहे.

कार्बनचा महागडा संच ओढ स्थिर होईपर्यंत घेऊ नये. पहिल्या वर्षी तीस मीटरपर्यंत ॲल्युमिनियमचे बाण पुरतात. त्यापेक्षा दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही घ्या. अंतर, वारा, टोकाचं वजन आणि साइटचा आकडा रोज लिहा. टोक बदललं की नवं पान.