ओट्यावरचे ऊन आणि तीन ओळी

निसर्ग पाहायचा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माथेरान नाहीतर महाबळेश्वर येते. मुलांच्या परीक्षा, यांची रजा, सासूबाईंचे पथ्यपाणी, गाडीचे रिझर्वेशन, हे सगळे जुळून आले तर वर्षातून चार दिवस. उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांचे काय?

त्या दिवसांत ऊन काही आपल्या घरी यायचे थांबत नाही. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी ते आधी समोरच्या भिंतीवर पडते आणि मग उतरत उतरत डब्यांवर, ओट्यावर येते. कुकरची पहिली शिट्टी होते तेव्हा त्याच उन्हात वाफ दिसते. आपण मात्र तेव्हा कोथिंबीर निवडत असतो आणि मनात डब्याची भाजी, दुधाचा हिशेब!

बहिणाबाई चौधरींना कुठे कोणते थंड हवेचे ठिकाण मिळाले होते? जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली त्यांचा जन्म. लिहितावाचता येत नव्हते. जाते, चूल, शेत, विहीर एवढ्याच जगात वावरताना त्यांना गाणी सुचली. ती घरच्यांनी उतरून ठेवली म्हणून राहिली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती छापून आली. सुगरणीच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे तर आपण सगळ्यांनीच शाळेत म्हटलेले आहे. (जाता जाता एक गंमत. ज्या पक्ष्याला आपण ‘सुगरण’ म्हणतो, त्याचा खोपा विणतो नर! गवताच्या, ताडामाडाच्या पानांच्या पट्ट्या फाडून आणतो, अर्धा खोपा विणतो आणि मग मादी येऊन तो पाहून पसंत-नापसंत ठरवते. नाव मात्र बाईचे. घरोघरी हे उलट चालते, नाही का?)

गाणी रचणे सगळ्यांना जमेल असे नाही. पण तीन ओळी? जपानी हायकू मराठीत रुजवला तो शिरीष पै यांनी, म्हणजे अत्र्यांच्याच लेकीने. जपानीत पाच-सात-पाच असा हिशेब असतो. आपण तो धरून बसायचे कारण नाही. जे दिसले ते तीन छोट्या ओळींत सांगायचे आणि थांबायचे. अलंकार नकोत, उपदेश तर नकोच. जपानात हायकूशेजारी चित्र काढण्याचीही जुनी रीत आहे, तिला ‘हायगा’ म्हणतात. आपल्याला चित्र काढता येत नसेल, पण मोबाइल तर प्रत्येकीच्या हातात आहे. फोटो काढायचा आणि खाली तीन ओळी लिहायच्या.

दोन्ही कशाला, असे विचाराल. फोटोत दिसते ते राहते, वास आणि आवाज मात्र राहत नाही, आणि त्या क्षणी मनात काय होते तेही नाही. उलट नुसते लिहिले तर भिंतीचा रंग कोणता होता हे दोन वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही.

आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीचा जुना वाडा पाडून तिथे इमारत झाली. वास्तुशांतीला सगळे जुने फोटो पाहायला काढले. वाढदिवस, मुंजी, डोहाळजेवणे, फोटोंना तोटा नव्हता. पण तीस वर्षे ज्या ओसरीवर तिने तांदूळ निवडले, त्या ओसरीचा रिकामा असा एकही फोटो नाही. जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या नाहीत. शेवग्याचे झाड फक्त कुणाच्या तरी डोक्यामागे, अर्धे. “फोटोत माणसं उभी करायची, घराचं काय काढायचं, असंच वाटायचं गं,” ती म्हणाली. हल्ली तिने तीन ओळी लिहायला घेतल्या आहेत. त्यातल्या या, तिला विचारूनच देते:

नवी गच्ची
तुळस जुनीच.
सावली दुसरीकडे पडते.

आता थोडे फोटोविषयी. आधी मोबाइलची काच मऊ सुती कापडाने पुसून घ्या. स्वयंपाकघरात आपली तेलकट बोटे तिच्यावर हमखास लागलेली असतात आणि मग आपण म्हणतो, फोन बिघडला. ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा उजेड पुरे. उजेड बाजूने आला की सुपाची वीण, भाकरीचे पापुद्रे, आजेसासूबाईंच्या हातावरच्या रेषा उठून दिसतात. समोरून थेट आला की सगळे सपाट. वाफ टिपायची असेल तर उजेड वाफेच्या मागून यावा आणि पाठीमागे काळोखी बाजू असावी, नाहीतर वाफ दिसतच नाही. वस्तू लहान दिसते म्हणून बोटांनी मोठी करू नका, दोन पावले पुढे जा. भर दुपारचे ऊन टाळा. पावसाळी ढगाळ दिवस मात्र अजिबात वाया घालवू नका. उजेड मऊ असतो, फुलांचे आणि ओल्या भिंतींचे रंग खरे उतरतात.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात, आणि त्या फोटोंत मुंबईचे रोजचे जीवन, बरोबरीच्या मुली असत. पंतप्रधान, लाटसाहेब पुढचे. आपल्याला काही वृत्तपत्रात जायचे नाही, पण रोजचे फोटो काढण्यात कमीपणा नाही एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

घरातले हसतील. “बादलीचा फोटो काय काढतेस?” हा प्रश्न येणारच. येऊ द्या. कुणाला दाखवायची सक्ती नाही, आणि लगेच गटावर टाकायची घाई तर नकोच. सकाळच्या त्या शुभेच्छांच्या गुलाबांत आपली बादली हरवून जाते.

वही साधी घ्या. भारी वही आणली की पहिले पान लिहायलाच हात धजत नाही. माझी वाण्याच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या बाजूने चालू आहे. तारीख घालते, म्हणजे फोनमधला फोटो सापडतो. जूनमधल्या एका पानावर पुढच्या बाजूला साबुदाणा एक किलो, शेंगदाणे दोन, आणि मागे:

पहिला पाऊस.
दोरीवर विसरलेला
एकच मोजा.