परतीची परीक्षा : पीएसएमचे तीस गुण

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्यांना द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेच्या ३०० प्रश्नांत पीएसएमचे, म्हणजे सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्राचे, ३० प्रश्न असतात. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रालाही तेवढेच. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२. उत्तीर्ण व्हायला १५० गुण पुरतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. जून २०२४ च्या परीक्षेत जेमतेम २१ टक्के विद्यार्थी पार झाले. काठावर अडकलेल्याला जे दहा-बारा गुण हवे असतात, ते मिळवण्याची सर्वांत जवळची जागा पीएसएम हीच आहे. तरीही अभ्यासाच्या वेळापत्रकात हा विषय शेवटच्या आठवड्यात ढकललेला दिसतो.

नेवासे तालुक्यातल्या एका पालकांच्या पत्रातला प्रश्न आधी घ्यावा असा आहे. मुलगी बिश्केकहून पदवी घेऊन आली, तिकडच्या गुणपत्रिका चांगल्या आहेत, सर्जरी-मेडिसिनचे सराव पेपर ती बऱ्यापैकी सोडवते. पण पीएसएममध्ये तीसपैकी दहाच्या वर जात नाही. अभ्यास कमी पडतो की पुस्तक चुकले, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही नाही. हृदयाची झडप बिश्केकला आणि नेवाशाला एकच असते, लसीकरणाचे वेळापत्रक मात्र एक नसते. रशियात शिकलेल्या मुलाने खेड्यातल्या आरोग्यसेवेत फेल्डशर पाहिलेला असतो, फिलिपिन्सला गेलेल्याने बरांगायचे आरोग्य केंद्र. एफएमजीई विचारते ती आशाताई, उपकेंद्र आणि भारताचा क्षयरोग कार्यक्रम. हे त्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात नसणे स्वाभाविक आहे. त्यामुळे परतलेल्या विद्यार्थ्याला १९ विषयांपैकी एवढा एक विषय जवळजवळ नव्याने शिकावा लागतो, उजळणी करून भागत नाही. तो शिकायला अहिल्यानगरसारखा जिल्हा शोधून सापडणार नाही.

सुरुवात लसीकरणापासून करावी. वेळापत्रकाचा तक्ता तोंडपाठ असतो. अडते ते चुकलेल्या मुलापाशी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड टोळ्या गाव सोडतात आणि कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. अशा एका कोपीत ११ महिन्यांचे मूल आहे, त्याला एकही लस मिळालेली नाही, आज काय द्यायचे? उत्तर असे : बीसीजी, कारण ती वर्ष पूर्ण होईपर्यंत देता येते, पोलिओचे थेंब, पेंटा, रोटा, पीसीव्ही आणि एफआयपीव्ही यांचे पहिले डोस, नऊ महिने उलटले असल्याने एमआरचा पहिला डोस आणि सोबत अ जीवनसत्त्वाचे एक लाख युनिट. हेपॅटायटिस-बीचा जन्मडोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो, तो गेला. हेच मूल दोन महिन्यांनी, तेरा महिन्यांचे होऊन समोर आले तर बीसीजी देता येत नाही आणि न सुरू केलेल्या पेंटाच्या जागी डीपीटी येते. प्रश्नकर्ता वय दोन महिन्यांनी पुढे सरकवतो आणि पर्याय तेच ठेवतो. तक्ता पाठ असलेला विद्यार्थी इथे चुकतो, मूल डोळ्यांसमोर ठेवणारा चुकत नाही.

लसीकरण सत्र एकदा तरी पूर्ण पाहावे. उपकेंद्राच्या सिस्टर लसवाहक उघडतात तेव्हा आत चार आइसपॅक दिसतात. ते फ्रीझरमधून काढून थेट भरलेले नसतात. हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवून मग भरलेले असतात. कारण डीपीटी, पेंटा, हेपॅटायटिस-बी, टीडी या लसी गोठल्या की निकामी होतात. कुपीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस वापरायची; दोघांचा रंग सारखा झाला की टाकायची. बीसीजी आणि एमआरच्या कुपीवर सिस्टर उघडल्याची वेळ लिहितात आणि चार तासांनी उरलेली लस टाकून देतात. पेंटाची उघडी कुपी मात्र अटी पाळल्या असतील तर २८ दिवसांपर्यंत चालते. शीतसाखळीचे निम्मे प्रश्न या एका टेबलावर सुटतात. सत्र पाहायला वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि विद्यार्थ्याने मध्ये हात घालायचा नसतो, एवढे पथ्य पुरे.

त्यानंतर आरोग्ययंत्रणेची रचना. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० ला. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० ला, डोंगरात २०,००० ला. सामुदायिक आरोग्य केंद्र १,२०,००० आणि ८०,००० ला. महाराष्ट्रात या पायरीवर ग्रामीण रुग्णालय भेटते. या सहा आकड्यांची गल्लत फार होते. नेवासे आणि अकोले हे दोन तालुके मनात शेजारी ठेवले की ती होत नाही. एकीकडे कालव्याचे पाणी, ऊस आणि सलग मोठी गावे. दुसरीकडे राजूर-भंडारदऱ्याच्या पलीकडचे डोंगर आणि विखुरलेल्या वाड्या. वाडीवरून उपकेंद्रापर्यंत चालत यायचे असेल तर तेवढ्याच लोकांमागे केंद्रे जास्त लागणार. आशाताईंचा निकष १,००० लोकसंख्येमागे एक. आदिवासी भागात तो वस्तीप्रमाणे सैल होतो, आणि त्याचे कारणही तेच.

पाण्याच्या शुद्धीकरणावर एखादा प्रश्न सहसा येतो, आणि हा भाग वाचण्यापेक्षा करून पाहावा. गावात ब्लीचिंग पावडरला कोणी ब्लीचिंग पावडर म्हणत नाही, ती टीसीएल. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. ऑर्थोटोलिडिनचा थेंब पडला आणि पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक आहे. तासाभराच्या संपर्कानंतर लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे, हा परीक्षेतला आकडा.

विहिरीत किती टीसीएल टाकायची, हे हॉरॉक्सच्या पेटीने ठरते. पेटीत सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला असतो. काळ्या पेल्यात दोन ग्रॅमच्या चमच्याने पावडर घेऊन द्रावण करतात, पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी भरून पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असे सहापर्यंत टाकतात. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचा दर्शक घालतात. ज्या पेल्यात प्रथम निळा रंग उमटतो, त्या क्रमांकाइतके चमचे ४५५ लिटरला लागतात. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर धरली, तर ३.१४ गुणिले १६ गुणिले ५, भागिले ४, म्हणजे ६२.८ घनमीटर, ६२,८०० लिटर. निळा रंग तिसऱ्या पेल्यात आला, तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम. एकूण सुमारे ८३० ग्रॅम. हे गणित आपल्या मळ्यातल्या विहिरीवर दोरी सोडून एकदा केले की सूत्र पाठ करावे लागत नाही. दोरी पाण्यात किती भिजली ते मोजायचे. कठड्यापासूनची पूर्ण लांबी घेतली की उत्तर फुगते.

प्राथमिक आरोग्यसेवेच्या प्रकरणात अल्मा-आटा जाहीरनामा येतो : सप्टेंबर १९७८, सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य. नोट्समध्ये ही एक ओळ असते आणि तिथेच ती संपते. या ओळीच्या मागे जामखेड उभे आहे, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दवाखान्यात येणाऱ्यांवर उपचार करून गावातले आजार हटत नाहीत, हे त्यांनी ओळखले. मग गावांनी आपल्यातल्या बायका निवडून दिल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, अनेक दलित. बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला पाजायचे मीठ-साखरेचे पाणी, पोषण, लसीकरण हे त्या शिकल्या आणि गावोगाव त्यांनी ते नेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी उभारलेल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. तीन वर्षांनी अल्मा-आटाची परिषद भरली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या, तेव्हा गावातलीच बाई गावाची आरोग्यसेविका होऊ शकते हे जामखेडने कधीच दाखवून दिले होते. अल्मा-आटा म्हणजे आजचे कझाकस्तानातले अल्माटी. तिथे वैद्यकीय शिक्षणाला गेलेल्या मराठी मुलांनी परतल्यावर जामखेडची एक फेरी जरूर करावी. समन्याय, लोकसहभाग, आंतरक्षेत्रीय समन्वय, योग्य तंत्रज्ञान ही चार तत्त्वे तिथे कामातून दिसतात आणि मग पर्यायांत ओळखू येतात.

साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र उरले. व्याख्यांमध्ये छेद पाहावा : बालमृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे, माता मृत्यू प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे, नवजात म्हणजे पहिले २८ दिवस. चाळणी चाचणीच्या प्रश्नांना चार खणांचा तक्ता कागदावर काढल्याशिवाय हात घालू नये. हजार लोकांत १०० जणांना आजार आहे. चाचणीने त्यांतले ९० पकडले आणि ९०० निरोग्यांतल्या ९० जणांनाही आजारी ठरवले. संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ९० टक्के; पण चाचणी होकारार्थी आलेल्या १८० जणांपैकी खरोखर आजारी ९०, म्हणजे निम्मे. आता आजार हजारात दहाच जणांना आहे असे धरा. चाचणी तीच, पण ९ खरे आणि ९९ खोटे मिळून १०८ होकार येतात आणि खऱ्यांचे प्रमाण ८ टक्क्यांवर उतरते. चाचणी बदललेली नसताना हे का घडले, ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले की या प्रकारचा कोणताही प्रश्न अडवत नाही.

जुन्या नोट्सचा धोका पीएसएमइतका दुसऱ्या विषयात नाही. एफआयपीव्हीचा नऊ महिन्यांचा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून आला. क्षयरोग कार्यक्रमाचे नाव २०२० मध्ये बदलले, निक्षय पोषणाची रक्कम नोव्हेंबर २०२४ मध्ये महिना ५०० वरून १,००० रुपये झाली, आणि उपकेंद्रांवर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी दिसते. थोरल्या भावाची वही किंवा तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ घेऊन बसलेला विद्यार्थी मेहनत करूनही हे गुण गमावतो. पार्कचे ताजे पुस्तक आधारासाठी जवळ असावे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला परतलेल्या मुलांकडे वेळ नसतो. लसीकरण, राष्ट्रीय कार्यक्रम, साथरोगशास्त्र, लोकसंख्या व कुटुंबनियोजन, पाणी आणि पोषण एवढी प्रकरणे त्यातून वाचावीत; बाकी क्यूबँकवर सोडावे. पहिले वाचन परीक्षेच्या तीन महिने आधी, दुसरे सहा आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात फक्त आकड्यांचे एक पान, स्वतःच्या हाताने लिहिलेले. त्यावर प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वर्षापासून लागू आहे ते साल असावे.