फॉग लाइट : धुक्यात उपयोगी, एरवी उपद्रवी

हिवाळ्यात पहाटे पंचगंगेच्या काठावरचे धुके पुलाची शिरोली, नागाव, हालोंडीच्या उसाच्या शिवारात उतरते आणि सांगली फाट्याच्या आसपासचा महामार्ग काही वेळ दिसेनासा होतो. याच सुमारास शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्री कारखान्यांची रात्रपाळी सुटते आणि सकाळची पाळी भरते. पुणे-बंगळूर महामार्गावरचे कंटेनर, साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि जेवणाचा डबा अडकवून दुचाकीवर निघालेला कामगार, सगळे एकाच रस्त्यावर असतात. अशा वेळी गाडीचा फॉग लाइट खरोखरच कामाला येतो. पण अनेक गाड्यांचा फॉग लाइट धुके असो वा नसो, बारा महिने रोज रात्री सुरूच असतो. हा प्रश्न वाहतुकीच्या शिस्तीचा समजला जातो. प्रत्यक्षात तो डोळ्यांच्या आरोग्याशीही तितकाच जोडलेला आहे.

अप्पर लावला की भिंत उभी

वारा पडलेला, आकाश निरभ्र असले की रात्री जमीन लवकर थंड होते. नदीची आणि पाणी पाजलेल्या उसाच्या रानाची ओल हवेत असतेच. ती बारीक थेंबांच्या रूपात गोठते आणि जमिनीलगत धुके तयार होते. हवेतले धुराचे व धुळीचे कण या थेंबांना जमायला आधार देतात. एक किलोमीटरच्या आतलेच दिसू लागले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. 200 मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ते दाट धुके आणि 50 मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर अतिदाट.

धुक्यातला प्रत्येक थेंब आपल्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे उधळतो. हेडलाइट अप्परवर असेल तर झोत चालकाच्या नजरेच्या उंचीवरच्या थेंबांवर पडतो आणि बराचसा उलट त्याच्याच डोळ्यांत येतो. पुढे पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्यात हेडलाइट डिप्परवरच हवा.

फॉग लाइटची रचना ही अडचण ओळखूनच केलेली असते. मोटारीत तो बंपरमध्ये, जमिनीपासून साधारण 25 ते 80 सेंटिमीटर उंचीवर बसवतात. त्याचा झोत आडवा, पसरट असतो आणि वरच्या बाजूला कापल्यासारखा थांबतो. त्यामुळे जवळचा रस्ता, कडेची पांढरी पट्टी आणि साइडपट्टी दिसते. दूरचे दिसावे हा त्याचा हेतूच नसतो. ‘फॉग लाइट आहे, आता वेगाने जाता येईल’ हा समज म्हणूनच घातक आहे.

दिवा पिवळा असला की धुके भेदतो, हीदेखील जुनी समजूत. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळपास सारखाच उधळतात. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत मोटारींचे हेडलाइटही पिवळे असत. पिवळ्याचा एक फायदा मात्र आहे. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा तो डोळ्यांना कमी टोचतो.

डोळ्यातले धुके

बाहेरच्या धुक्यात जे घडते, तेच छोट्या प्रमाणात डोळ्याच्या आत घडते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, त्यामागचे भिंग आणि आतला द्रव, हे कितीही स्वच्छ असले तरी थोडा प्रकाश उधळतात. समोरून प्रखर झोत आला की हा उधळलेला प्रकाश दृष्टिपटलावर पातळ पांढऱ्या पडद्यासारखा पसरतो. वस्तू असते तिथेच, पण पडद्यामागे विरून जाते. गडद कपड्यातला पादचारी आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली अशाच दिसेनाशा होतात.

हा परिणाम दिवा नजरेच्या रेषेपासून किती दूर आहे यावर ठरतो. हे अंतर कोनाच्या हिशोबाने निम्मे झाले की त्रास जवळपास चौपट होतो. म्हणून दुभाजक नसलेल्या रस्त्यावर डोळे जास्त दिपतात. रस्ता ओला असेल तर त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश वेगळाच.

वयाचाही मोठा वाटा आहे. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि भिंग पिवळसर होते. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रकाश आणखी उधळतो. अशा रुग्णाची दिवसाची नजर तपासणीत बरी निघते, पण तो सांगतो, ‘रात्री समोरून गाडी आली की काहीच दिसत नाही.’ ही तक्रार गांभीर्याने घ्यायला हवी.

औद्योगिक वसाहतीत आणखी एक कारण भर घालते. फौंड्रीत ग्राइंडिंग करताना गॉगल नसेल तर लोखंडाचा बारीक कण डोळ्यात रुततो. कण काढल्यावर दुखणे थांबते, पण कॉर्नियावर कधीकधी लहानसा पांढरट व्रण राहतो. तो बाहुलीसमोर असेल तर रात्रीच्या झोतात प्रकाश फाकवतो. हेल्मेटच्या काचेवरचे ओरखडेही हेच करतात. म्हणजे रात्रपाळी करून, झोपेने जड डोळ्यांनी दुचाकीवर घरी निघालेला कामगार चुकीच्या फॉग लाइटचा सर्वांत सोपा बळी असतो.

झोत निघून गेल्यावरही नजर लगेच पूर्ववत होत नाही. डोळ्यांना पूर्ण अंधाराशी जुळवून घ्यायला अर्धा तास आणि क्वचित त्याहून जास्त लागतो. दिपलेली नजर कामापुरती सावरायलाही काही सेकंद जातात, वय वाढेल तसे अधिक. ताशी 60 किलोमीटर वेगाने चाललेले वाहन पाच सेकंदांत 80 मीटरहून अधिक अंतर कापते. एवढे अंतर चालक जवळजवळ आंधळेपणानेच जातो.

लावणाऱ्याचेही नुकसान

स्वच्छ हवेत फॉग लाइट लावणाऱ्यालाही त्याचा तोटा होतो. गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता लख्ख उजळतो, चालकाला बरे वाटते. पण डोळे त्या उजेडाला जुळतात आणि दूरच्या अंधारातले बारकावे हरवतात. पुढे दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली दिसायला उशीर होतो. गळीत हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा आग्रह धरला जातो, तो योग्यच आहे. पण रिफ्लेक्टर दुरूनच दिसावा तर मागून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट नीट बसवलेला हवा आणि चालकाची नजर दिपलेली नको.

काही मोटारींना मागेही लाल फॉग लाइट असतो. तो नेहमीच्या टेल लाइटपेक्षा कितीतरी पट प्रखर, जवळपास ब्रेक लाइटइतका असतो. दाट धुक्यात मागच्या वाहनाला सावध करण्यासाठी तो हवाच. स्वच्छ रात्री तो सुरू राहिला तर मागच्याचे डोळे दुखतात आणि खरा ब्रेक कधी लागला हे त्याला चटकन कळत नाही. जर्मनीत धुक्यामुळे 50 मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच हा दिवा लावता येतो आणि तेव्हा वेगही ताशी 50 किलोमीटरच्या वर न्यायचा नसतो. ब्रिटनमध्ये फॉग लाइटसाठी साधारण 100 मीटर दृश्यमानतेची मर्यादा सांगितली आहे आणि हवा सुधारताच ते बंद करणे बंधनकारक आहे.

आपल्याकडे दुकानातून बसवलेला कोणताही जादा दिवा ‘फॉग’ या नावाने खपतो. जीपच्या टपावरची एलईडी पट्टी, बुलेटच्या हँडलखालचे दोन गोळे, ट्रॅक्टरच्या छतावरचा फोकस यांपैकी बहुतेकांचा झोत वरच्या बाजूला कापलेला नसतो. तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि धुक्यातही चालकाचेच नुकसान करतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत.

वेगाचा अंदाज चुकतो

धुक्यात कडेची झाडे, खांब पुसट होतात आणि वेगाचा अंदाज चुकतो. 1998 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात, पडद्यावरचे दृश्य धूसर केल्यावर लोकांना वेग कमी भासला आणि त्यांनी गाडी जास्त जोरात पळवली. 2012 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ‘ई-लाइफ’ मध्ये उलट निष्कर्ष मांडला. खऱ्या धुक्यासारखे, अंतराबरोबर दाट होत जाणारे दृश्य दाखवल्यावर लोकांनी वेग कमी केला. दोन्हींतून घ्यायचा धडा एकच. धुक्यात स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये, स्पीडोमीटर पाहावा.

हिशोब सोपा आहे. कोरड्या रस्त्यावर सावध चालकाची मोटार ताशी 80 किलोमीटर वेगात ब्रेक लावून थांबायला साधारण 80 मीटर घेते, 60 च्या वेगात 50 मीटरहून थोडे अधिक आणि 40 च्या वेगात सुमारे 30 मीटर. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागते. जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता आले पाहिजे. समोरचे 50 मीटरच दिसत असेल तर कोणताही दिवा 60 चा वेग सुरक्षित करू शकत नाही.

एवढे लक्षात ठेवा

• साधारण 100 मीटरपलीकडचे दिसत नसेल तरच फॉग लाइट लावा. धुके विरताच आठवणीने बंद करा.

• धुक्यात दिवसाही हेडलाइट डिप्परवर सुरू ठेवा. नुसते पार्किंग लाइट पुरत नाहीत.

• चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर सुरू ठेवू नका. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही आणि गाडी उभी आहे की चालती, याचाही घोळ होतो.

• काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा. आतून वाफ धरली तर डीफॉगर किंवा एसी लावा.

• समोरून झोत आला तर त्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी पाहा आणि वेग कमी करा.

• अजिबात दिसत नसेल तर रस्त्यावर किंवा साइडपट्टीवर थांबू नका. हळूहळू पुढे जाऊन पेट्रोल पंप, धाबा किंवा टोल नाक्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी घ्या.

• रात्री दिव्यांभोवती वलये दिसत असतील किंवा समोरचा झोत पूर्वीपेक्षा जास्त त्रास देत असेल तर नेत्रतपासणी करून घ्या. चष्म्याचा जुना नंबर, मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम यांपैकी काहीही असू शकते. चालक आणि रात्रपाळीच्या कामगारांनी चाळिशीनंतर ही तपासणी नेमाने करावी.

• ग्राइंडिंग, वेल्डिंगच्या कामात गॉगल किंवा शील्ड वापरा. डोळ्यात कण गेल्यास सहकाऱ्याकडून काडीने, रुमालाने काढून घेऊ नका. थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.