वळवाचे अंदाज : कुंडलच्या शिवारातून मागोवा

2025 चा मे महिना सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातला शेतकरी सहजी विसरणार नाही. ऐन मशागतीच्या दिवसांत पाऊस सुरू झाला आणि रानाला घातच येऊ देईना. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आला, 25 मे रोजी, म्हणजे सूर्य रोहिणीत गेला त्याच दिवशी, देवगडला आणि 26 मे रोजी मुंबई-पुण्यात. देशात 1901 पासूनच्या नोंदींत इतका ओला मे दुसरा नाही. हवामान खात्याने केरळातल्या आगमनासाठी 27 मे ही तारीख दिली होती, चार दिवस पुढेमागे धरून. अंदाज बरोबर ठरला. पण याच तालुक्यातल्या कुंडलच्या बागायतदाराचा प्रश्न वेगळाच होता : येत्या चार दिवसांत माझ्या रानात पडणार का, आणि किती? अंदाज या प्रश्नाजवळ कसा कसा सरकत आला, हे पाहण्यासारखे आहे.

कुंडल डोंगराच्या कुशीत असले तरी पाऊसमानाने पर्जन्यछायेतले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडते. इकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीचा वळीव इथे मोलाचा. सकाळपासून रान तापते, समुद्राकडून आलेली बाष्पाची हवा त्या उष्ण हवेबरोबर वर चढते आणि दुपार कलल्यावर बहुधा पूर्वेकडून आभाळ भरून येते. वारा, विजा, कधी गारा आणि तासाभरात सारे संपलेले. एका शिवारात पाट वाहतात, शेजारच्या शिवारात धूळसुद्धा बसत नाही. उन्हाळी नांगरटीसाठी लोखंडी नांगर देणारी किर्लोस्करवाडी 1910 मध्ये याच परिसरात, तेव्हाच्या कुंडल रोड स्थानकाजवळ उभी राहिली. पण नांगर कधी धरायचा ते वळीवच ठरवी.

तेव्हाचा अंदाज म्हणजे पंचांग. रोहिणीचा पेरा, मृगाची वाट, नक्षत्राचे वाहन कोल्हा की बेडूक, यावर पारावर चर्चा होई. नक्षत्रांनी कामांचा क्रम लावून दिला. या वर्षीचा पाऊस मात्र त्यातून कळत नसे. पुढे रेडिओ आला. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी’ हे शब्द घराघरांत पोचले. पण हवामान खात्याच्या मध्य महाराष्ट्रात नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत दहा जिल्हे येतात. महाबळेश्वरही त्यातच आणि दुष्काळी जतही त्यातच. इतक्या मोठ्या पट्ट्याला दिलेला एक अंदाज कुणाच्याच शेताला नेमका लागू पडत नसे.

हंगामाच्या अंदाजावरचा विश्वासही मध्यंतरी डळमळला. 1988 पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप वापरात होते. 2002 मध्ये अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता, पडला 81 टक्के. 2009 मध्ये एप्रिलचा अंदाज 96 टक्क्यांचा, पडला 78 टक्के. त्यानंतर 2012 मध्ये मान्सून मिशन आले, महासंगणकावरची प्रारूपे आली आणि अंतर कमी झाले. 2015 च्या जूनमध्ये खात्याने 88 टक्के सांगितले, पडला 86 टक्के. 2025 साठी 106 टक्के सांगितले होते, पडला 108 टक्के.

शेताच्या दृष्टीने खरा बदल मात्र वेगळाच. 2008 पासून जिल्ह्याजिल्ह्याला कृषी हवामान सल्ला सुरू झाला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढच्या पाच दिवसांसाठी. 2017 पासून राज्यात महसूल मंडलनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि फळपीक विम्याचे निकष त्यांच्या नोंदींवर तपासले जाऊ लागले. 26 मे 2025 रोजी, पाऊस मुंबई-पुण्यात दाखल झाला त्याच दिवशी, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. आधीच्या बारा किलोमीटरच्या चौकटीऐवजी ती सहा किलोमीटरची चौकट धरते. उलट दिशेचे पाऊलही याच काळातले : 2024 मध्ये देशातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद झाली. आकडे बारीक होत असताना ते समजावून सांगणारी माणसे कमी झाली.

या भागात चार दिवस आधी कळण्याची किंमत मोठी आहे. मार्च-एप्रिलमध्ये बेदाणा शेडमध्ये असतो; अवकाळी पाऊस लागला की त्याचा रंग जातो आणि दरही. एप्रिलची खरड छाटणी झाली की मे-जूनमध्ये द्राक्षाच्या काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते, तिला कडक ऊन लागते. 2025 च्या मे महिन्यात नेमके ऊनच नव्हते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर सांगली-नाशिकच्या बागांतून घड कमी निघाल्याच्या तक्रारी आल्या. त्याच मे महिन्याच्या अखेरीस मोसमी वाऱ्यांची चाल थांबली आणि ते जूनच्या मध्यापर्यंत अडले. ‘पेरणीची घाई करू नका, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या’ हा कृषी विभागाचा सल्ला ज्यांनी मानला, त्यांची दुबार पेरणीची जोखीम टळली.

या साऱ्याचा हिशोब असा. मोठ्या क्षेत्रावरच्या पावसाचा चार-पाच दिवसांचा अंदाज आता विसंबण्याजोगा आहे, वळवाचा नाही. कुठल्या शिवारावर ढग फुटेल हे दोन-तीन तास आधीच कळू शकते, तेही रडार आणि विजांच्या नोंदींवरून. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त 25 टक्के ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 50 टक्क्यांपर्यंत. तेव्हा तुरळक पावसाचा अंदाज असताना आपले रान कोरडे राहिले, तर अंदाज चुकला असे होत नाही. पण बेदाणा उघड्यावर असेल तर तेवढी शक्यताही झाकपाक करायला पुरेशी आहे. मंगळवार-शुक्रवारचा सल्ला वाचा, दुपारनंतर विजांचा इशारा देणारे दामिनी अ‍ॅप पाहा, वीज कडाडू लागली की झाडाखालून बाजूला व्हा, आणि बांधावर एक पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवा. विम्याचा दावा मंडलाच्या केंद्रावर ठरेल. पेरणीचा निर्णय तुमच्याच नोंदीवर घ्या.